सारख्या रुंदीची अक्षरं

प्रिय सुचिता,

'प्रिय' लिहिलंय, खोडणार नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे कागदावर. तुझ्या घरचा माणगावचा पत्ता आपल्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर होता. काकूंनी उघडलं तर सांग, कामाचं पत्र आहे. निम्मं कामाचंच आहे. उरलेलं निम्मं हे, की मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हा तू एका शब्दाने अडवलं नाहीस, आणि दोन वर्षं मी तेच धरून बसलो. तुझ्याशी बोलायचंही होतं आणि तुझं तोंडही बघायचं नव्हतं.

मी उरणलाच आहे, एका कंटेनर यार्डाच्या गेटवर. ट्रेलर आत आला, कंटेनरचा नंबर वहीत लिही. बाहेर गेला, परत लिही. शेवटी मीच बोलून बसलो, की आपला कॉलेजातला नोंदी ठेवायचा प्रोग्राम इथे चालेल. मालक हरेश्वरकाका म्हणाले, बसव. तीन दिवस डोक्याचा भुगा झालाय, आणि तो प्रोग्राममुळे नाही, फॉंटमुळे!

प्रोग्रामच्या कोडची फाइल उघडली तर सगळ्या रांगा वाकड्या. ऑफिसात पत्रं टाइप करायचा फॉंट; इंग्रजी 'आय'ला चिमूटभर जागा, 'एम'ला पाटभर. कोडला प्रत्येक अक्षराला सारखी जागा देणारा फॉंट लागतो, हे तूच शिकवलेलं. म्हणून शोधत बसलो. पहिल्यात शून्य आणि ओ जुळे भाऊ. कंटेनरच्या नंबरात आधी चार अक्षरं, मग सात आकडे. तिथे घोळ झाला की ट्रेलर अडकतो आणि ड्रायव्हर माझा उद्धार करतो. दुसऱ्यात शून्याच्या पोटात ठिपका, झकास. पण एक कुठला, एल कुठला, कळेना. तिसरा दीडशहाणा. मी शेजारी-शेजारी दोन चिन्हं टाइप केली, की हा त्यांचं परस्पर लग्न लावून एकच चिन्ह दाखवणार! ती सोय बंद करण्यात दोन तास गेले. वर प्रत्येक फॉंट बसवायला काकांचा पासवर्ड. चौथ्यांदा मागितला तेव्हा म्हणाले, "तीन दिस झालं, अक्षरंच बघतंस? मी बायको बघाला येवढा येल न्हाय लावला!" मी तडकून म्हणालो, म्हणूनच काकी रोज भांडतात. काकी मागेच उभ्या होत्या. त्या हसल्या म्हणून नोकरी राहिली.

चौथा जमला. पण कोडमध्ये मध्येमध्ये लिहिलेल्या आपल्या मराठी टिपा! त्या फॉंटात मराठी नाहीच, ती दुसऱ्या फॉंटातून उसनी येते आणि एखादं जोडाक्षर आलं की पुढची रांग मोडते. तुझ्या टिपांनी मात्र काहीच बिघडलं नव्हतं. तू त्या ओळीच्या शेवटी लिहायचीस. पुढे बिघडायला काही उरतच नाही. मला हे आत्ता कळलं, आणि खरं सांगतो, तुझा रागच आला.

कॉलेजात मी चष्मा लावायचो नाही म्हणून अक्षरं अठराच्या मापाची ठेवायचो. हा फॉंट अकरालाही स्वच्छ दिसतो. काल अकरा केलं, तर नेहमी पडद्याबाहेर जाणारी सगळ्यात लांब ओळ पूर्ण दिसली. तिच्या उजव्या टोकाला तुझी टीप होती, मी कॉलेज सोडलं त्या शुक्रवारची तारीख घातलेली. 'मितेश, सरांशी मी बोलते. तू फक्त सोमवारी ये. माझ्यासाठी.'

त्या शुक्रवारी मी आपली ही दोघांची फाइल उघडली होती गं. तू काही लिहिलं असशील म्हणूनच उघडली होती. जेवढं दिसलं तेवढ्यात काही नव्हतं, म्हणून रागाने बंद केली. उजवीकडे सरकवून बघितलंच नाही. सोमवारी तू थांबली असशील, आणि मंगळवारी मी फोन करून तुला नको नको ते बोललो. वाचूनही आलो नाही, असं नाही सुचिता. मी वाचलंच नव्हतं. हे तुला कळावं म्हणून हे पत्र. ब्लॉक काढायचा की नाही, तुझं तू ठरव. नाही काढलास तरी या वेळी ओरडायला फोन करणार नाही.

अजूनही तुझाच,
मितेश