माळवदावरची माती

१६ एप्रिल १९६१, रविवार
कुरडया घालायला माळवदावर गेले. शेवटची घालताना तोल गेला. कठड्याला धरलं म्हणून वाचले. कठडा जेमतेम गुडघ्याला! लग्न होऊन या घरात आले तेव्हा याच कठड्यावर हात टेकून उभी राहायची, बाजार बघायची. तीन मजले खाली गेले असते तर कुरडया तळायला कोण... असो. ह्यांना सांगितलं. "कठडा खचला असंल," म्हणाले आणि कोर्टाचे कागद काढून बसले.

१७ एप्रिल
खचलाबिचला काही नाही. शाळेत शिकवून आल्यावर विळ्यानं कडेची माती खरवडली. थरावर थर. दरसाल पावसाच्या तोंडावर, रोहिण्यांच्या आधी सगळे भाडेकरू मिळून पांढरी माती टाकतो, चोपतो. गळू नये म्हणून. जुनी कुणी काढत नाही. कठडा आहे तिथंच आहे, माळवदच वर चढलंय! आणि खाली तुळया त्याच, पहिल्या.
शेजारच्या हमीदाबींच्या खोलीत डोकावले. तुळईला चीर. त्यांची झुबेदा बाळंतपणाला आलीय, तिची खाट नेमकी त्याच तुळईखाली. चिरेवर खळीनं कागदाची पट्टी डकवली. फाटली की समजायचं, चीर वाढली.

२३ एप्रिल, रविवार
अंगणात सगळे जमले. तळमजल्याचे बाबूराव, भुसार दुकानवाले, म्हणाले, "वरच्यांचं दुखणं वरच्यांनी बघावं." मी विचारलं, वरचे पडले तर कुठं पडणार, बाबूराव? मग कमिटी करायची ठरलं. पुढारी कोण? सगळ्यांना एकदम आपापल्या चपला दिसायला लागल्या. ह्यांनासुद्धा.
म्हटलं, मी होते.
बाबूराव म्हणाले, "बाई, ह्ये काय बायकांचं काम हाय व्हय?"
"माळवदावर जातं कोण? बायकाच ना?"
बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

३० एप्रिल
घरमालक सोलापूरहून आले. पान खात ऐकलं. माती काढल्यावर गळलं तर कोण जबाबदार? मी म्हणाले, मी. जुनी काढून नवा एकच थर देऊ, नीट चोपून. "बघा बुवा," म्हणाले नि गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आम्ही हो धरलं.

४ मे
झुबेदाला आमच्या खोलीत आणलं, आमची तुळई धड आहे. हे आणि मी हमीदाबींच्या खोलीत, चिरेखाली. सुताराकडून टेकू लावून घेतले. हमीदाबी रडायला लागल्या. "तू कशाला मरतीस गं? म्या म्हातारी पडते की तिथं." तुम्ही लेकीजवळ पाहिजेत, म्हटलं. हे वर बघत बघतच जेवले. भीती मलाही वाटते. पण कमिटीच्या पुढाऱ्यानं दुसऱ्याला चिरेखाली झोपवून कसं चालेल?

९ मे
शाळेला सुट्टी लागली, कामाला हात घातला. हमीदाबींच्या बाजूनं सुरुवात. टिकावानं सैल करायची, पाटीत भरायची, जिन्यानं हातोहात खाली. डोक्याचे केस पांढरे झाले. बाबूराव ओरडत आले, "बाई, माझ्या ज्वारीत माती चाललीय!" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला नवं काय त्यात? हसले बिचारे, पण पाटीला हात लावला नाही.

१८ मे
हमीदाबींच्या बाजूची माती उतरली. पट्टी शाबूत. झुबेदाला मुलगी झाली, आमच्याच खोलीत. काळेभोर जावळ. हमीदाबींनी माझ्या तोंडात साखर घातली. उद्यापासून आमच्या बाजूला...

२१ मे
कुणीतरी मालकाला कळवलं की बाई इमारत पाडतेय. आज आले ते तडक वर. माळवदाच्या दाराला कुलूप. "जो वर चढंल त्यानं खोली खाली करायची." एवढंच. कमिटी कुठं गेली कोण जाणे. ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं. हे जिन्याच्या पायऱ्या बघत होते. संताप आला. जेवले नाही.

२२ मे
ज्या खोलीत सुरक्षित म्हणून झुबेदाला आणलं, तिच्याच डोक्यावर आता उरलेली सगळी माती. आणि आमच्या तुळईलाही बारीक चीर दिसतेय. पट्टी डकवली. हमीदाबींची चिरलेली तुळई टेकूंवरच उभी, तिथं बाळ-बाळंतिणीला परत कसं न्यायचं? बाबूरावांकडं दुकानामागची खोली मागितली. "पोती हायेत."

२४ मे, बुधवार
सकाळी पट्टी एका कडेनं फाटलेली.
झुबेदाला बाळासकट खाली ओसरीवर आणलं. कांबळं बांधून आडोसा केला. ओल्या बाळंतिणीला उघड्यावर किती ठेवणार? आणि तिला हलवलं म्हणून तुळई थांबत नाही, खाली बाकीची घरं आहेतच. उद्या रोहिण्या लागतात. माती भिजली की आणखी जड होणार.
ह्यांना म्हटलं, खोली गेली तर गेली, मी आज वर जाणार. ह्यांनी टोपी घातली, कोर्टात गेले.
मागनं बघते तर दाराआड पहार उभी. काल नव्हती.
हमीदाबी पदर खोचून जिन्याशी उभ्या आहेत, हाका मारतायत. पहार जड आहे. लिहिणं पुरे.