बांधणी गल्लीतल्या सतरा नंबरच्या घराची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, अविवाहित, राहणार बांधणी गल्ली, घर क्रमांक सतरा, माझ्या चीजवस्तूंचं माझ्यामागे काय करावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायला गल्लीत कुणी उरलेलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी परवा तपासून माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. आधीची दोन मृत्युपत्रं रागाच्या भरात लिहिली होती. ती रद्द समजावीत.

१. घर, म्हणजे खाली कारखाना व वर दोन खोल्या, आणि बँकेतली शिल्लक माझ्या दिवंगत बहिणीच्या मुलीला द्यावी. ती परगावी नोकरीला असते. दर रविवारी फोन करून विचारते, "मामा, जेवलास का?" मी हो म्हणतो, जेवलेलो नसलो तरी. घर विकू नये अशी अट आधीच्या दोन्ही कागदांत होती. ती या कागदात नाही. शेजाऱ्यांवाचून घर कसं असतं ते मी पाहतोय. पोरीला त्यात डांबण्याचा मला हक्क नाही.

२. शिवणीची चौकट, दाबाचं यंत्र व कातडं तासायच्या सुऱ्या ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागातल्या बाईंना द्याव्यात. तीन वर्षं दर शनिवारी त्या माझ्याकडे शिकायला आल्या. दाबाचं चाक कुरकुरलं तर तेल घालावं, जोर लावू नये.

३. कपाटातली लाल पाठीची वही, प्रवाशांना गल्ली दाखवत फिरणाऱ्या वाटाड्याला. तो रोज अकरा वाजता माझ्या खिडकीखाली उभा राहून सांगतो की इथे राजाचे ग्रंथ बांधले जात. राजाचं एक पानही इथे आलेलं नाही. इथे शाळेच्या वह्या बांधल्या, कचेऱ्यांची दप्तरं बांधली, रेल्वेची वेळापत्रकं बांधली. वहीत एक्केचाळीस घरं आहेत, कोण राहायचं आणि काय करायचं त्यासकट. चार नंबरात चिकटवायची खळ शिजवणारी मावशी. तिची कढई उकळली की गल्ली जागी व्हायची. नऊ नंबरचा कागद कापणारा, त्याला दोन बोटं नव्हती आणि अक्षर सगळ्यांत सुबक. मला टायफॉइड झाला तेव्हा सात घरांतून पाळीपाळीने डबे आले. पाळ्या कुणी लावल्या ते आजवर कळलं नाही. आता त्या घरांतून दोन दिवसांचे पाहुणे राहतात, दगडांवरून चाकांच्या बॅगा ओढत येतात आणि खिडकीत बसलेल्या माझा फोटो काढतात. वाटाड्याने वही वाचावी आणि खरं ते सांगावं.

४. आता जुळाऱ्याबद्दल. हा माझा समोरचा शेजारी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, म्हणून जुळारी. एकोणीस वर्षांपूर्वी पाहुणेघरांची कंपनी घरं विकत घ्यायला आली, तेव्हा गल्लीने ठराव केला की कुणी एकट्याने विकायचं नाही. ठरावाखाली पहिली सही माझी, दुसरी त्याची. आठ महिन्यांनी त्याने घर विकलं. मग दोन वर्षांत एकेक करत सगळी गेली. तो निघाला त्या सकाळी सामान टेम्पोत चढत होतं, त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मी साऱ्या गल्लीसमोर म्हणालो, "हा माणूस आजपासून मला मेला." आधीच्या कागदांत मी लिहिलं होतं की त्याने माझ्या अंत्यविधीला फिरकू नये.

५. हे कलम त्याच्या घरी बसून लिहीत आहे. वकील म्हणाले, साक्षीदार तुम्हाला ओळखणारे हवेत. मी आठवडाभर विचार केला आणि दोन बस बदलून इथे आलो. दार त्यानेच उघडलं.

"मृत्युपत्राला साक्षीदार हवाय," मी म्हणालो. "मला ओळखणारा."

"ओळखतो," तो म्हणाला. "आत ये."

वहिनी काठी टेकत आल्या. "भावोजी, किती वाळलात," एवढंच म्हणाल्या आणि चहाचं बघायला वळल्या.

मी त्याला सांगितलं की वहिनींच्याने घराचे जिने चढवत नव्हते म्हणून तू विकलंस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. राग ठरावाचा नव्हता. तू मला एकट्याला टाकून चाललास, त्याचा होता.

त्याने चष्मा काढून पुसला. "तुला ठाऊक होतं, हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "म्हणूनच जास्त लागलं."

साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून या दोघांच्या नावे काही ठेवलेलं नाही. भाचीने एवढंच करावं: मी गेल्यावर सगळ्यांत आधी त्यांना कळवावं, गाडी पाठवून आणवावं, आणि वहिनींना बसायला खुर्ची द्यावी.

हा कागद वाचून, समजून मी त्यावर या दोघांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

(सही) पुस्तकबांधणीवाला, घर क्रमांक सतरा
साक्षीदार: (सही) जुळारी, पूर्वीचा घर क्रमांक अठरा
साक्षीदार: (सही) त्याची पत्नी
ठिकाण: नवी वसाहत, दुसरी इमारत, तळमजला
दिनांक: ९ मार्च, दुपारी चार