अगजर

८ ऑक्टोबर, मोरबी
टाइलची भट्टी आज बंद, दुरुस्ती. खोलीवर पडून फोनवरची ती गोष्ट पुन्हा पयल्यापासून वाचली. डोंगरावरची खानावळ, चालवणारे दोघं बाप्ये. नवरा-बायकोसारखे राहतेत आन गावात कुणी काई इचारत न्हाई. एक अगजर येऊन चुलीजागी वेटोळं घालून बसतो, भाकरी त्याच्याच अंगावर शेकतेत. वाचलं की जिवाला बरं वाटतं. सातवीत शाळा सुटली, मी एक पान वाचस्तोर पप्पूचं जेवण होतं, पण हे सरूच नये वाटतं.
पप्पू, खोलीतला बिहारी, म्हणला, "क्या पढ़के हँसता है?" म्हणलं, गाँव की खबर. त्याला मराठी येत न्हाई म्हणून निवांत.

९ ऑक्टोबर
डोक्यातून जाईना. अगजर. वाटलं टायपिंगची चूक. पण अकराच्या अकरा भागात तसंच.
चौथीत, झरीच्या शाळेत, धडा वाचताना मी अजगराला अगजर म्हणलो होतो. सगळा वर्ग हसला. पुढं माझं नावच ते पडलं. झरीबाहेर हे कुणाला ठाऊक? लिहिणारानं खरं नाव दिलेलं न्हाई.
म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी. माझी मजा घ्यायलाय, का...
मागच्या भागाखाली मी लिहून बसलोय, 'असं घर मलाबी पायजे.' बाजूला माझा फोटो. आत्ता पुसलं. पण वाचलं असंल त्यानं.

१२ ऑक्टोबर
बाळू? सगळ्यात जास्त तोच हसायचा. पण त्याच्यानं एवढं लिहिणं होईल? स्वतःच्या मोबाईल दुकानाची पाटी चुकलेली हाय.
वर्गातलं दुसरं कुणी लिहिणारं न्हाई. राहिला गौतम. बाकावर शेजारी बसायचा. न हसलेला तो एकटाच. आता परभणीला विद्यापीठात क्लार्क हाय. गौ. असंल तर मग ह्या भाकरी, ती खानावळ... का त्यालाबी तवा आतून हसूच येत होतं?

२० ऑक्टोबर, झरी
रजा काढून आलो. माय म्हणली, "बरं झालं आलास. मानवतचं स्थळ हाय. ते लोक घर बघायला येणार हायेत." म्हणलं, बघू.
बाळूच्या दुकानात गेलो. "काय अगजर, कवा आलास?" गिऱ्हाइकांसमोर.
"बाळ्या, फोनवर गोष्टी-बिष्टी वाचतोस का रे?"
"लेका, बायकोचे मेसेज वाचायला येळ न्हाई."
तोंडाकडं बघत राहिलो. खरं वाटलं. पण पत्ते खेळतानाबी बाळू असंच तोंड करतो.

२१ ऑक्टोबर, परभणी
गौ.ला विद्यापीठाच्या गेटवर गाठलं. चहा. त्यानं नंबर घेतला, माझ्यासमोर सेव केला, दिगंबर ह्या माझ्या खऱ्या नावानं.
म्हणलं, "एक गोष्ट वाचायलोय. खानावळीची. त्यात अजगराला अगजर लिवलंय."
बशीतल्या चहावर फुंकर मारत बसला. "चूक असंल."
"अकरा भागात?"
"मग शिकलेला नसंल लिहिणारा."
मला राग आला. "लय भारी लिहितो," म्हणलं.
कान लाल झाले त्याचे. ऊनबी होतं म्हणा.
"लगीन कवा करतोस?" त्यानं इचारलं.
"तुझं?"
चहा संपला होता. कप हातात धरून बसला.

२३ ऑक्टोबर, झरी
बारावा भाग आला. सगळीकडं अजगर. मागचे भाग उघडून बघितले, तिथंबी अजगर. एकूणएक बदललंय.
हे मी गौ.शिवाय कुणाला बोललो न्हाई. मग तोच. का दुसऱ्या एखाद्यानं चूक दाखवली? गोष्टीतली गंमतच गेली. अजगर वाचलं की गिळायला आल्यासारखं वाटतं.
पाहुणे उद्या येणार. माय शर्टाला इस्त्री करायलीय. मी वर माळवदावर जाऊन गौ.ला फोन लावला. लगेच उचलला.
"कोण बोलतंय?"
नंबर तर सेव केलेला.
म्हणलं, "अगजर."
तिकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. फोन ठेवला न्हाई त्यानं.