खाली बसवलेली कडी

लिहून ठेवणार चतुराबाई रावजी मोजाड, वय एकाहत्तर, धंदा फुलविक्री, राहणार देवळाली कॅम्प. गुडघे गेले आहेत, बुद्धी जागेवर आहे. हे मी कोणाच्या भरीस पडून लिहीत नाही. मागच्या महिन्यातलं मृत्युपत्र रद्द समजावं. कारण शेवटी दिलं आहे.

१. बाजारामागचं दोन खोल्यांचं घर माझ्या कमाईचं आहे. माझ्यामागे त्यात लाजवंती हासानंद हिने हयातीपर्यंत राहावं. तोवर ते विकता येणार नाही. नंतर ते माझा भाचा दीपक याचं. दीपकने विचारलं, "आत्या, ती आपली कोण लागते?" कोणी लागत नाही, म्हणून तर कागद करावा लागतो.

२. फाळणीनंतर सिंधमधून एकटीच आलेली ही मुलगी इथल्या निर्वासितांच्या बराकीत वाढली, तिथंच तिचं लग्न झालं. नवरा मारायचा. माहेरी जावं, तर माहेर दुसऱ्या देशात राहिलेलं. डॉक्टरांना सांगायची, जिन्यावरून पडले. बराकीला जिनाच नव्हता. ती माझ्या दारात आली तेव्हा डावा कान कायमचा गेला होता, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. जबडा नीट सांधलाच नाही. आजही भाकरी दुधात भिजवून खाते. मान वळवली की चक्कर येते.

अशा शरीराने तिने जन्मभर माझ्याबरोबर हार विकले. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ती ओवते तसा हार मला दोन धड हातांनी कधी जमला नाही. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणते, "डाव्या कानात बोला साहेब, तिकडे सगळं स्वस्त आहे."

३. दाराची आतली कडी तिच्यासाठी कमरेच्या उंचीवर बसवली आहे. ती कोणी वर नेऊ नये. लाजवंतीला हाक समोर येऊन मारावी. मागून खांद्याला हात लावू नये.

४. बराकीतला आरडाओरडा ऐकून "घरची गोष्ट आहे" म्हणणाऱ्या लंकाबाईला माझ्या तिरडीवरचं फूलही उचलू देऊ नये. तिने हार लाजवंतीकडून घ्यावा, पूर्ण भावाने.

५. मागच्या कागदावर लाजवंतीनेच हौसेने साक्षीदार म्हणून सही केली. वकील म्हणाले, ज्याला मिळायचं त्याने साक्षीची सही केली, तर त्याचं मिळणं बुडतं. ती हसली. "चतुरा, तेव्हा चौकीवर विचारलं, मारलं त्याला साक्षीदार कोण? मी बोलले, मी. नाय चाललं. आजपण नाय चालत."

म्हणून आज तिला बाहेर बसवलं आहे. दार उघडं आहे. उजवा कान इकडे करून ती बसली आहे, आणि मी ओळ न् ओळ मोठ्याने वाचून मगच सही करते आहे.

चतुराबाई रावजी मोजाड (सही)

आमच्यासमोर सही केली:
यादव धोंडीराम पाळदे (सही)
कुसाबाई वाळू गायधनी (अंगठा)

देवळाली कॅम्प, १६ ऑक्टोबर २००१