बंदरवाडीची सिस्टर

वेसरे, बंदरवाडी
१६ जानेवारी १९९४

तीर्थरूप सौ. आक्काला सत्याचा नमस्कार. दाजींनाही सांग. उज्जूला गोड पापा.

तुझं पत्र आणि तिळगुळाचा डबा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पोचला. डबा वाटेत चेपला होता, लाडवांचा भुगा झाल्ता, पण आम्ही तो चमच्यानं खाल्ला. शेजारच्या जानकीबाय म्हणाल्या, "तुमच्याकडला गूळ असा काळा कसा गो?" मी म्हटलं, रंग सोडा, चव बघा. मंग दोन वाट्या संपवल्या त्यांनी.

मी बरी हाये. इथं थंडी अशी न्हाईच. आष्टीत आता कडाका असेल. उज्जूला स्वेटर घालत जा, ती काढून टाकते. खोकला गेला का तिचा? चौथीची परीक्षा कधी हाये? केस वाढवलेत का कापले? तू लिहीतच न्हाईस. दाजींच्या खटपटीचं पानभर लिहितेस आणि उज्जूच्या दोन ओळी.

दाजी माझ्या बदलीसाठी नव्या जालन्याच्या चकरा मारून राह्यलेत, ते वाचलं. त्यांचे उपकार हायेत. त्याचं मी सवडीनं लिहिते. आधी इथली गंमत ऐक.

बंदरवाडी म्हणजे मूठभर घरं. समोर समुद्र, बाजूला खाडी आणि खाडीपलीकडं दांडा नावाची दुसरी वाडी. दोन्हीकडं मासेमारी करणारेच लोक, एकमेकांच्या सोयरिकीतले. पण इकडच्यांना विचारशील तर दुनियेत गाव एकच, बंदरवाडी. सकाळी उठून बायका पुळण झाडतात. समुद्राची वाळू, आक्का! भरती येणार आणि सगळं धुऊन नेणार, तरी झाडतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, कशापायी एवढं? तर म्हणाल्या, "दांड्यावरनं दिसतंय ना."

त्यांच्या या अभिमानात मीपण एक वस्तू हाये. आरोग्य उपकेंद्र खरं तर दांड्याला व्हायचं होतं. तिथं जागेवरून वाद लागला, तेवढ्यात बंदरवाडीच्या बायामाणसांनी डोक्यावरनं चिरे वाहून दोन खोल्या उभ्या केल्या आणि साहेबाला आणून दाखवल्या. तवापासून मी "आमची सिस्टर". दांड्याच्या बायकाही माझ्याच हद्दीतल्या, पण गेल्या नारळी पौर्णिमेला कुणाचा नारळ आधी समुद्रात पडायचा यावरनं मारामारी झाली, डोकी फुटली. आता त्या बायका इकडं येत न्हाईत आणि मला तिकडं सोडायला इकडचा कुणी होडी काढत न्हाई. तिथं दोघी-तिघी गरोदर हायेत. मला त्याची फिकीर लागून राह्यली हाये.

दिवाळीत मी दोन दिवस आधीच निघाले त्याचा राग तुझ्या मनात हाये, पत्रातनं कळतं. ड्युटी होती म्हणून सांगितलं होतं ना. आता ते सोड.

टपालाची थैली घेऊन माणूस दारात उभा हाये. थांबते.

तुझी सत्या


बंदरवाडी
२६ फेब्रुवारी १९९४

आक्का, नमस्कार. तुझी दोन पत्रं आली, उत्तर दिलं न्हाई. कारण ऐक.

गेल्या आठवड्यात एका दुपारी मी लसीच्या सुया उकळत होते. पुळणीवर गलका ऐकू आला. जाऊन पाहते तर दांड्याचा एक माणूस छोटी होडी घेऊन आल्ता आणि आमच्या लोकांनी त्याला पाण्यातच अडवलं होतं. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता, "सिस्टर, माझी वयनी अडली! पोर आडवं हाय म्हनतात!" त्याची भावजय म्हणजे यशोदा. पहिलटकरीण. मी तिला एकदाही तपासलं नव्हतं.

मी बॅग घेऊन आले तर धर्मा तांडेल वाटेत. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. वाडीत याच्या शब्दाबाहेर कुणी न्हाई. माणूस वाईट न्हाई, आक्का. माझ्या खोलीचं छप्पर त्यानंच शाकारलं. पण म्हणाला, "सिस्टर, तुमी आमच्या हाव. त्यांनी आमची डोकी फोडली तवा कुनी आला व्हता का इचारायला?"

मी म्हटलं, "तांडेल, बाजूला व्हा."

"आन् नाय झालो तर?"

मी तशीच पाण्यात शिरले. पोहता येत न्हाई, लाटेला अजूनही घाबरते, पण शिरले. लुगडं ओढलं जाऊन राह्यलं. होडी हलायची, चढता येईना, आणि आमचे सगळे उभे राहून नुसते बघत होते. मंग जानकीबाय मागनं आल्या. त्यांनी कास्टा खोचला, होडीची कड धरली आणि मला ढकलून आत टाकलं. स्वतःही चढल्या. काठावरच्यांना म्हणाल्या, "बघता काय? मी बी पोरां काढलीत वाडीत. माझंबी डोकं फोडा."

पोर आडवं नव्हतं, पायाळू होतं. कसं बाहेर आलं ते माझं मलाच ठाऊक. मुलगी झाली, रडली, जानकीबायनी पुसून घेतली. मला वाटलं, सुटलो. पण वार पडेना. वाट बघितली, पोट चोळलं, काही न्हाई, आणि रक्त सुरू झालं. ते माझ्या हातचं काम नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, तेही जल्दी. सडकेनं खाडीला वळसा घालून अर्धा दिवस. मशीनची होडी असली तर बंदरापर्यंत पाऊण तास, तिथं जीप मिळते. आणि मशीनची होडी एकट्या धर्मा तांडेलची.

त्याच छोट्या होडीनं मी परत आले. तांडेल जाळं विणत बसला होता. वर बघितलं न्हाई.

मी म्हटलं, "बाई मरून राह्यली. होडी काढा."

"दांड्याची बाय माझ्या होडीत?"

मला हात जोडायचे होते, आक्का, पण राग आला. मी म्हटलं, "नका काढू. ती मेली तर लोक दांड्याचं नाव घेणार न्हाईत. बंदरवाडीच्या सिस्टरच्या हातनं गेली म्हणतील. साऱ्या बंदरावर म्हणतील. चालत असेल तुम्हाला तर बसा."

तो उठला. दोघांना हाक मारली, होडी लोटली.

यशोदाला उचलून आणलं तर ती पोर सोडेना. मी तिच्या हातातनं ते काढून जानकीबायकडं दिलं. म्हटलं, तू बरी होऊन ये, तोवर ह्या सांभाळतील. आपल्याच माणसाजवळ हाये ती. यशोदानं माझ्याकडं जे बघितलं... लिहवत न्हाई.

ती वाचली. रक्त चढवलं, चार-पाच दिवसांत घरी येईल म्हणतात. तांडेल आता बंदरावर ज्याला-त्याला सांगत सुटलाय, आमच्या होडीनं वाचवली, आमच्या सिस्टरनं वाचवली. माझ्याशी मात्र अजून नीट बोलत न्हाई.

उज्जूला एकदा तिच्या हातानं पत्र लिहायला सांग. चार ओळी.

तुझी सत्या


बंदरवाडी
१२ मे १९९४

तीर्थरूप आक्काला नमस्कार.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

बदलीचा हुकूम आला. परतूर तालुका, आपल्या आष्टीपासनं सायकलवर जाता येईल इतक्या जवळ. दाजींच्या चपला झिजल्या त्यापायी. आणि मी न्हाई म्हणून लिहून दिलं. गेल्या सोमवारीच. दाजींना मी वेगळं पत्र लिहून माफी मागते, पण ते तुझ्या तोंडून कळू दे.

तू म्हणशील, तिथं तुझं कोण हाये? खरंय. माझं इथं कुणी न्हाई. इथले लोक मला जीवही लावतात आणि जीव नकोसाही करतात. मी कुणाकडं किती वेळ बसले, यावरनं रुसतात. चूल पेटली न्हाई तर चार घरनं कालवण येतं आणि चारही खाल्लं का म्हणून विचारून जातात. कधी वाटतं, पळून जावं. पण शिमग्याला देवीची पालखी निघाली, ती घरोघर नाचवतात, आणि ती माझ्या दारात आली. मी आत सरकले. आपल्याकडची सवय. उज्जूचे पप्पा गेले तवापासनं आष्टीत हळदीकुंकवाच्या दिवशी मी मागच्या दारानं ये-जा करते, तू बघतेस. तर धर्मा तांडेल, जो माझ्याशी महिनाभर बोलला नव्हता, तो म्हणाला, "सिस्टर, बाहेर या. वाडीतली निम्मी पोरां तुमी काढली, तुमच्या वटीबिगर पालखी फुडं कशी जाईल?" जानकीबायनी माझ्या हातात नारळ दिला. मी देवीची ओटी भरली, आक्का. सगळ्यांसमोर.

आष्टीत मी बिचारी सत्या हाये. तिथं परत यायची माझी छाती न्हाई.

आता खरं ते. दिवाळीत ड्युटी नव्हती. उज्जूची मैत्रीण घरी आल्ती, तिनं माझ्याकडं बोट करून विचारलं, ही कोण? उज्जू म्हणाली, "माझी मावशी हाये. समुद्राकडं राहती." तू करंज्या तळत होतीस. तू ऐकलंस. तू मागं वळून बघितलं न्हाईस, आणि मीही काही बोलले न्हाई. रात्रभर वाट बघितली तू काही म्हणशील म्हणून. सकाळी बॅग भरली.

मी तुला दोष देत न्हाई. मी तीन वर्षांची पोर तुझ्या मांडीवर ठेवून ट्रेनिंगला गेले. तू तिचा गोवर काढलास, तिला शाळेत घातलंस. तुझ्या घरात पाळणा हलला न्हाई, आणि ही आली. सगळं कळतं मला. म्हणून तर सहा महिने हे लिहू शकले न्हाई. पण आता न्हाई लिहिलं तर ती मोठी होईल आणि मी खरंच तिची मावशी होईन.

मी महिनाअखेरीला येऊन राह्यले. उज्जूला न्यायला. हिसकायला न्हाई, मागायला. तिला तूच सांग, तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला सोसेल. तुला सांगवलं न्हाई, तर मी अंगणातनंच परत जाईन आणि पुन्हा या गोष्टीचं नाव काढणार न्हाई. पण मला एकदा विचारू दे.

तुझीच,
सत्या


बंदरवाडी
३ जुलै १९९४

आक्का, नमस्कार.

आम्ही पोचल्याचं कार्ड मिळालं असेल. त्यात काय लिहिणार होते? म्हणून आज लिहिते.

उज्जूला तू सांगितलंस, पण स्टँडवर आली न्हाईस. दाजी म्हणाले, डोकं दुखतंय. उज्जू खिडकीतनं गाडी सुटेपर्यंत मागं बघत होती. पिशवीत तू ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, तिची उशी, सगळं बराबर भरलं होतंस. पिठात चिठ्ठी ठेवली असशील म्हणून मी सारं पीठ परातीत ओतून बघितलं. नव्हती.

घाटात तिला उलट्या झाल्या. इथं आल्यावर चार दिवस ती समुद्राकडं पाठ करून बसली. मासळीच्या वासानं जेवत न्हाई. तुझ्या पिठाची भाकर मी रोज करते, तुझ्यासारखी होत न्हाई म्हणते. मला ती काहीच म्हणत न्हाई, आक्का. मावशी न्हाई, आई न्हाई. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहते आणि मी वळून बघेपर्यंत थांबते.

वाडीचं विचारू नको. "सिस्टरची पोर" म्हणून सगळ्यांच्या अंगात आलंय. शाळेत धर्मा तांडेल स्वतः सोडायला गेला आणि मास्तरांना म्हणाला, हिला पुढं बसवा, ही जालन्याची हाय. का ते त्यालाच ठाऊक. कुणी शंख आणून देतं, कुणी आमसुलं. पोर बावरून जाते. मी सांगून राह्यले, जरा दम धरा, तिला श्वास तरी घेऊ द्या. ऐकत न्हाईत.

बुधवारी यशोदा आली. खाडी ओलांडून, पावसात, मुलीला लस टोचायला. दांड्याची पहिली बाई, नारळी पौर्णिमेनंतरची. इकडच्या बायका बाकावर बसल्या होत्या. मंग एकीनं सरकून जागा दिली. न बोलता. पण दिली. यशोदानं पोर उज्जूच्या मांडीवर ठेवलं आणि उज्जूनं ते घेतलं. आल्यापासनं पहिल्यांदा तिचा चेहरा जरा उघडला. तिथंच जानकीबायनी तिला विचारलं, "तुझी आई कुठं गो?" उज्जू लगेच म्हणाली, "आष्टीला."

जानकीबाय चिडल्या. माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "आन् ही कोन मंग?"

मी सुई भरत होते. मान वर केली न्हाई. उज्जूनं मांडीवरचं पोर सावरलं. म्हणाली, "ही पण. ही दुसरी."

आक्का, मी कितीतरी वेळा विचार केला की तिला परत आणून सोडावी. काल तर गाडीची वेळसुद्धा विचारून आले. आज वाटतं, न्हाई. उद्या काय वाटेल सांगता येत न्हाई. एक मात्र ठरलं हाये, तिला तुझ्यापासनं तोडायचं न्हाई. पेरणी उरकली की दाजींना म्हणावं, रजा द्या तुमच्या बायकोला. गणपतीला ये. दिवाळीपर्यंत थांबू नको. मागची खोली झाडून ठेवली हाये, तिथनं समुद्र दिसत न्हाई, तुला बरी वाटेल. आणि वाटेत कुणी विचारलं, कुठं चालल्या, तर लेकीकडं म्हणून सांग. खोटं न्हाई ते.

वाट बघतो.

तुझी सत्या,
उज्जूची दुसरी आई