सात किलोचं बॉनेट

प्रिय मेव्हण्या,

तुरुंगात तुझी पत्रं आधी दुसरंच कोणी वाचत असणार, तेव्हा त्या शिपाईसाहेबांनाही माझा नमस्कार. माझं खांद्याचं हाड जुळलं. पुढचे दोन दात नवे बसवले. जुन्यांपेक्षा सरळ आहेत, या भांडणात तेवढंच बरं झालं, असं तुझी ताई म्हणते. डावा कान मात्र कायमचा गेला.

कारखाना बंदच आहे. तू फोडलेले साचे तसेच पडलेत, दरवाजाचा आणि मागच्या मडगार्डचाही. फायबरग्लासची कुसळं अजून तळपायात घुसतात. ज्याचे थर चिकटवून आपण गाड्यांचे हलके भाग करायचो, त्या कार्बनच्या कापडाच्या गुंडाळीवर माझं रक्त वाळलंय. काळ्यावर ते दिसत नाही, हात फिरवला की खरखरतं.

तीन आठवडे तू त्या जुन्या शर्यतीच्या गाडीच्या बॉनेटवर राबलास. मूळचं लोखंडी बावीस किलोचं, तुझं सात. दुसऱ्या दिवशी गाडीचा मालक न्यायला येणार होता, म्हणून मी नेहमीसारखं नाणं घेऊन ठोकून पाहिलं. खणखणीत वाजलं तर आतले थर घट्ट, बद्द वाजलं तर पोकळ. मधोमध बद्द वाजलं. तू म्हणालास, भावजी, कानातला मळ काढा आधी. मला मात्र मागे एका शर्यतीत गेलेला तो चालक दिसत होता. दुसऱ्या कुणीतरी केलेलं बॉनेट वेगात फाटून काचेतून आत घुसलं होतं, आणि आपण दोघांनी त्याला बाहेर ओढलं तेव्हा त्याची मान भलतीकडेच लोंबत होती. तू जेवायला गेलास आणि मी ग्राइंडर लावून बॉनेट उभं चिरलं.

तू आलास, बघत उभा राहिलास. तेव्हा तरी मी तोंड आवरायचं. मी म्हणालो, बघ, आणखी हलकं केलं, आता साडेतीन-साडेतीन किलो. हे वाक्य मी पोलिसांना सांगितलेलं नाही. तू साचे आवळायचा लोखंडी क्लॅम्प उचललास. पहिल्या फटक्याला दात गेले, दुसऱ्याला खांदा. मी तुझा अंगठा हाडापर्यंत चावला, तेही सांगितलेलं नाही. तिसरा कानावर बसला, आत शिट्टी वाजली आणि त्या बाजूचं सगळं बंद झालं. मग मला सोडून तू रडत रडत साचे फोडत सुटलास.

दवाखान्यातून आल्यावर मी चिरलेली कड भिंगाखाली धरली. थराला थर चिकटलेला, सुई जाईल एवढीही पोकळी नाही. मी बॉनेट जाड गादीवर ठेवून ठोकलं होतं, गादीनं आवाज खाल्ला. नवशिकाही असं करत नाही, पण मला माझ्या कानांचा माज. हे कळून चार महिने झाले, आणि चार महिने मी म्हणत राहिलो की माल कच्चा होता, हा विनाकारण अंगावर आला. सोमवारी माझी साक्ष आहे. तिथेही मी तेच बोललो तर तू दहा वर्षं बाहेर येत नाहीस, असं वकील म्हणतो. तू मारलंस हे मी सांगणारच. पण दोन्ही तुकडेही घेऊन येतोय. कड न्यायाधीशांकडे करून टेबलावर ठेवीन आणि सांगेन, साहेब, हात लावून बघा, या कामाला पोकळ म्हणणारा मी.

तुझाच,
भावजी