बेबीताईंच्या तीन ओळी

सोमवार, १ डिसेंबर २०२५

आजचा शब्द — गवत! अध्यक्ष भय्यासाहेबांनी सकाळी सातलाच आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. नियम नेहमीचाच: दिलेल्या शब्दावर, निसर्गावर, तीन ओळी. मी दुपारीच पाठवल्या —

हरित तृणांच्या पात्यांवरती
मोती उधळी उषा
हसती दाही दिशा

पाच जणांनी हात जोडले. मग साडेपाचला सिहोऱ्याच्या बेबीताईंचं आलं —

म्हैस उठून गेली
तिच्या अंगाएवढं गवत
अजून निजलेलं

ग्रुप वेडा झाला. भय्यासाहेब कोणाला 'छान'च्या पुढे काही म्हणत नाहीत, त्यांनी लिहिलं, 'ही कविता!' म्हणजे बाकीच्या काय?

बेबीताई चौथी शिकलेल्या. मंडळाच्या गणपतीत स्वतःच सांगितलं होतं मला. मग हे आलं कुठून?

मंगळवार, २ डिसेंबर

चारदा वाचली. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. एकतीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या मी. चौथीचं शुद्धलेखन मला कोणी सांगू नये.

सोमवार, ८ डिसेंबर

शब्द — धुकं. मी रेवामाईच्या पात्राला धुक्याची शुभ्र शाल पांघरवली. बेबीताई —

बांधावरून हाक मारली
ओ आली
माणूस मागून आला

यशश्रीला दाखवलं. नेपियर टाउनला क्लास घ्यायला निघाली होती. हेल्मेट घालता घालता म्हणाली, "मस्त है! पर आई, आजकल खुद कौन लिखता है? फोनला शब्द दे, तो कविता लिहून देते."

असं होय!

गुरुवार, ११ डिसेंबर

भय्यासाहेबांकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. संक्रांतीला मंडळ या कवितांचं पुस्तक काढून राहिलं आहे. त्यात बेबीताईंच्या नऊ, माझ्या दोन. पण मी त्यासाठी गेले नव्हते.

(इथे तरी खरं लिही, विनता. थोडी त्यासाठीही गेले होते.)

भय्यासाहेबांनी चष्मा पुसला. "पुरावा?"

"चौथी शिकलेली बाई, भय्यासाहेब!"

"हं," म्हणाले.

रविवार, १४ डिसेंबर

ग्रुपवर सूचना आली: 'पुस्तकात फक्त स्वतः रचलेल्या कविता घेऊ. बेबीताईंच्या कविता तूर्त बाजूला ठेवल्या आहेत.' दहा मिनिटांत बेबीताई ग्रुपमधून बाहेर. एक शब्द नाही!

बघा! खरी असती तर भांडली असती.

बुधवार, १७ डिसेंबर

भांडली काहून नाही?

शनिवार, २० डिसेंबर

सिहोऱ्याला गेले होते. यशश्रीला सांगितलं, मटार आणायला जाते. खरं म्हणजे पकडायला गेले.

दार बेबीताईंच्या सुनेनं उघडलं — श्रद्धा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बेबीताई एवढ्या कविता लिहितात कधी गं?"

"मम्मीजी कहाँ लिखती हैं, आंटी! फोन लिखता है."

सापडली! काय आनंद झाला मला — आता लिहिताना लाज वाटते.

बेबीताई मागच्या अंगणात मटार सोलत बसल्या होत्या. "या ना, विनताताई," म्हणून पाट सरकवला. मी धड बसलेही नाही. म्हटलं, "एक शब्द देते. आत्ताच्या आत्ता करा." शब्द घरूनच ठरवून नेला होता, कवितेत सहज न बसणारा — भेग.

काहून म्हणून विचारलं नाही त्यांनी. कुंपणापलीकडे धान काढलेलं वावर होतं, तिकडे पाहत राहिल्या. हात चालूच. टोपलीतले मटार संपत आले तरी गप्प. मी मनात म्हटलं, झालं, आता नाही जमत. मग त्यांनी पदराला हात पुसले, फोन जवळ ओढला, माइकच्या खुणेवर अंगठा ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून फोनला सांगितला —

भुईला भेग पडली
मुंगी थांबली, वाकून पाहिलं
आणि घर केलं

फोन अक्षरं उमटवत गेला. ऱ्हस्व-दीर्घासकट!

"लिहायला हात वळत नाही माझा," त्या म्हणाल्या. "मी बोलते, तो लिहून घेते. गौतमनं शिकवलं." गौतम म्हणजे त्यांचा मुलगा.

मी पाटावर नीट बसले आणि टोपलीत उरलेल्या शेंगा सोलू लागले.

निघताना पिशवीभर मटार दिले. मी घेतले! तक्रार माझीच होती, हे मात्र तोंडातून निघालं नाही. बस येईपर्यंत त्या रस्त्यावर माझ्यासोबत उभ्या होत्या.

सोमवार, २२ डिसेंबर

भय्यासाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तक परवाच छापायला गेलं. आणि विनताताई, मीही त्यांना एकदा विचारलं नाही. निव्वळ तुमच्या सांगण्यावर..." मग माझ्यासमोरच छापखान्यात फोन लावला — काम थांबवा.

संध्याकाळी ग्रुपवर माझ्या नावानं लिहिलं: 'बेबीताईंवर संशय मी घेतला होता. तो खोटा निघाला. त्यांच्या कविता त्यांच्याच आहेत. मी स्वतः ऐकलं आहे.' सगळ्यांनी वाचलं.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

पुस्तकात बेबीताईंच्या नऊच्या नऊ! आणि मी भय्यासाहेबांना सांगितलेली 'भेग' धरून दहा. चलो, सुटले एकदाची.

सोमवार, ५ जानेवारी

हिंमत करून बेबीताईंना फोन केला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मले माहीत होतं, ताई. तुम्ही उभ्याउभ्याच शब्द दिला, तेव्हाच समजलं." रागावल्या नव्हत्या. मी म्हटलं, "मग ग्रुपवर परत या ना."

"नाही जमून राहिलं आता," त्या म्हणाल्या. "ओळ सुचली की पहिले वाटते — हे माझंच आहे ना?"